कारखान्यात महिला घ्यायच्या ठरवल्यात? जाहिरातीआधी ही कामं करा

चाकण, वाळूज, अंबड, शिरोली अशा एखाद्या एमआयडीसीत पन्नास ते दीडशे माणसांचा कारखाना असतो. ऑफिसात दोन-तीन मुली असतात, पण शॉप फ्लोअरवर एकही बाई नसते. मग कधी मोठ्या ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये त्याबद्दल विचारणा होते, कधी ऑपरेटरच मिळेनासे होतात, कधी मालकाची मुलगी कारभारात येते, आणि ठरतं की या वर्षी महिला घ्यायच्या. हे काम बहुतेक वेळा एचआरमध्ये नुकत्याच रुजू झालेल्या कुणावर तरी येऊन पडतं. हा लेख त्या व्यक्तीसाठी आहे.

नवखा माणूस पहिल्याच दिवशी जाहिरातीचा मजकूर लिहायला बसतो. कृपा करून तसं करू नका. जाहिरात निघते, दहा जणी येतात, महिनाभर सगळे खूश असतात, दिवाळीपर्यंत दोघी उरतात आणि मग सगळ्यांचं एकमत होतं की "बायका टिकत नाहीत". हे वाक्य मी अनेक कारखान्यांत ऐकलं आहे. सोडून गेलेल्या बायकांना नंतर विचारलं तर उत्तरं अगदी साधी मिळतात. बस चौकात सोडते आणि पुढे अंधार असतो. दिवसभर पाणी न पिता काम करावं लागतं. एक खाडा झाला की महिन्याचा बोनस जातो. या सगळ्या गोष्टी कारखान्याच्या हातातल्या आहेत आणि त्या भरतीच्या आधी करायच्या आहेत.

काम करणाऱ्या बायकाच नाहीत, हेही खरं नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या ग्रामीण बायकांपैकी ४७.६ टक्के काम करत होत्या किंवा काम शोधत होत्या. शहरी भागात हेच प्रमाण २८ टक्के होतं. बहुतेक एमआयडीसी गावांच्या शिवारातच वसल्या आहेत. कंपाउंडच्या पलीकडे कांदा लावणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या बायका रोज आठ तास वाकून राबतात. त्यांच्या कष्टाच्या ताकदीबद्दल शंका घ्यायला जागाच नाही.

पहिली पायरी: कागद घेऊन फ्लोअरवर फिरा

एकूण आकडा फसवा असतो. "आमच्याकडे पंधरा टक्के महिला आहेत" असं सांगणाऱ्या कंपनीत त्या सगळ्या पॅकिंगमध्ये, सगळ्या कॉन्ट्रॅक्टरकडच्या आणि सगळ्या हेल्पर असू शकतात. म्हणून तक्ता विभागवार करा. मशीन शॉप, असेंब्ली, इन्स्पेक्शन, स्टोअर, मेंटेनन्स आणि डिस्पॅच यांत कायम किती, कंत्राटी किती, शिकाऊ किती ते लिहा. हेल्पर, ऑपरेटर, सेटर, लाइन लीडर, सुपरवायझर या पदांवर कोण आहे आणि ओव्हरटाइम कुणाला मिळतो, तेही लिहा.

मग प्रत्येक स्टेशनपाशी उभं राहून विचारा की इथे बाई का नको. निम्म्या ठिकाणी उत्तरच मिळणार नाही. उरलेल्या ठिकाणी "जड काम आहे" असं सांगतील. तसं कुणी म्हणालं की वजनकाटा मागवा. बऱ्याचदा जॉब, म्हणजे यंत्रावर चढवायचा भाग, तीन-चार किलोचा निघतो. खरोखर वीस-पंचवीस किलोचा निघाला, आणि तो शिफ्टमध्ये शेकडो वेळा उचलायचा असेल, तर तो पुरुषानेही हाताने उचलू नये. त्याची पाठ चाळिशीत जाते आणि मग तोच माणूस सुट्ट्या घेतो म्हणून तुम्ही तक्रार करता. अशा जागी छोटा हॉइस्ट (वजन वर उचलणारं यंत्र), रोलर कन्व्हेयर किंवा ट्रॉली बसवा आणि हा खर्च "महिलांसाठी" या खात्यात दाखवू नका.

फिक्स्चरची, म्हणजे जॉब घट्ट धरणाऱ्या साच्याची, आणि टेबलाची उंचीही मोजा. साडेपाच फुटांच्या माणसाच्या हिशेबाने लावलेलं स्टेशन पाच फुटांच्या बाईला खांदा दुखवणारं ठरतं. पायाखाली पक्का, न घसरणारा प्लॅटफॉर्म दिला की प्रश्न सुटतो. चालू यंत्राची साफसफाई, तेल-ग्रीस किंवा जुळवणी बाईकडून करून घ्यायला १९४८ च्या कारखाने कायद्यात मनाई होती. तुमच्याकडे नियम सरसकट करा. यंत्र चालू असताना कुणीच आत हात घालायचा नाही.

दुसरी पायरी: स्वच्छतागृह

इथे थोडा जास्त वेळ थांबू, कारण सगळ्यात जास्त गळती याच कारणाने होते आणि याच कारणाबद्दल कुणी तोंड उघडत नाही.

"ऑफिसातलं लेडीज टॉयलेट वापरू द्या की" हा उपाय चालत नाही. ते पहिल्या मजल्यावर असतं, तेलकट बुटांनी तिथे जायला संकोच वाटतो, आणि जायला-यायला दहा मिनिटं लागली की सुपरवायझर घड्याळ बघतो. मग बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. फर्नेसजवळ किंवा पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये आठ तास पाणी न पिता काम केल्यावर मूत्रमार्गाचा संसर्ग होणारच. ती दोन दिवस घरी राहते, आणि रजिस्टरवर फक्त गैरहजेरी दिसते.

स्वच्छतागृह फ्लोअरपासून चालत दोन मिनिटांच्या आत हवं, आणि त्याच्याकडे जाणारा रस्ता पुरुषांच्या मुतारीसमोरून किंवा भंगाराच्या ढिगामागून जाणारा नसावा. आतून लागणारी कडी, रात्री चालणारा दिवा, सतत पाणी, साबण, कपडे अडकवायला हूक, पर्स ठेवायला फळी आणि झाकणाचा डबा एवढं तर असायलाच हवं. सॅनिटरी पॅड कुठे मिळणार आणि वापरलेले कुठे जाणार, हे आधी ठरवा. पॅड स्टोअरमध्ये ठेवून पुरुष स्टोअरकीपरकडे मागायला लावू नका. बाथरूमच्या बाहेरच पेटी ठेवा, रोज कोण भरणार ते नावाने ठरवा. साफसफाई दिवसातून किमान दोनदा आणि शक्यतो बाईकडून व्हावी. आणि किल्ली? किल्ली असूच नये. ज्या स्वच्छतागृहाची किल्ली गेटवर मागावी लागते, ते बंद असल्यासारखंच असतं.

शेजारी कपडे बदलायची खोली, प्रत्येकीला कुलपाचं कपाट आणि एक बाक ठेवा. पाळीच्या दिवसांत पंधरा मिनिटं टेकायला त्या बाकाचा उपयोग होतो.

सगळं बांधून झालं की तुमच्या ऑफिसातल्या महिलांना आठवडाभर तेच स्वच्छतागृह वापरायला सांगा. काय कमी आहे ते त्या अचूक सांगतील.

तिसरी पायरी: घरापासून गेटपर्यंतचा रस्ता

पुरुष कामगार दुचाकीवर येतो. बाईकडे गाडी असेलच असं नाही, आणि असली तरी ती नवरा घेऊन गेलेला असतो. सातची फर्स्ट शिफ्ट म्हणजे सव्वासहाला बस, म्हणजे पहाटे साडेचारला उठून पाणी भरणं, डबे करणं, मुलाचं आवरणं. शक्य असेल तर महिलांच्या पहिल्या तुकडीसाठी आठ-साडेआठची सुरुवात ठेवा. उत्पादन विभाग म्हणेल की शिफ्टचा मेळ बसत नाही. असेंब्ली आणि इन्स्पेक्शनमध्ये तो बहुतेक वेळा बसतो.

बसचा मार्ग आखताना नकाशा बघून थांबा ठरवू नका. थांब्यापासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यावर दिवे आहेत का, देशी दारूचं दुकान आहे का, पावसाळ्यात ओढा भरतो का, हे स्वतः संध्याकाळी जाऊन बघा. ड्रायव्हरची पोलीस पडताळणी करून घ्या आणि त्याचा नंबर घरच्यांकडे द्या. कंपनीने दिलेली बस कायद्याने कामाचं ठिकाणच धरली जाते, त्यामुळे तिच्यात घडलेल्या लैंगिक छळाची तक्रारही तुमच्याच अंतर्गत समितीकडे येते (तिच्याबद्दल सहाव्या पायरीत).

रात्रपाळीची घाई करू नका. जुन्या कारखाने कायद्यात बायकांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढीच मुभा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतली व्यावसायिक सुरक्षा संहिता महिलेची संमती आणि सुरक्षेच्या अटी पाळून रात्रीच्या कामाला परवानगी देते. दुकानं आणि कार्यालयांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा वेगळा कायदा आहे. त्यात रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेसाठी संमती आणि संरक्षण या दोन्ही गोष्टी लागतात. नियम आणि फॉर्म यांची ताजी स्थिती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयातून तपासून घ्या. संमती मात्र खरी असू द्या. रुजू होताना वीस कागदांच्या गठ्ठ्यात घेतलेल्या सहीला मी संमती म्हणणार नाही. नाही म्हणणाऱ्या बाईचा दिवसपाळीचा ओव्हरटाइम कापला जात असेल, तर तिला नाही म्हणायची सोयच उरलेली नाही.

चौथी पायरी: कपडे आणि बूट

फिरत्या यंत्राजवळ साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी, बांगड्या आणि लोंबतं मंगळसूत्र यांचा धोका खरा आहे. त्यावर तडजोड नाही. पण हे सांगायची पद्धत महत्त्वाची. "मंगळसूत्र काढून या" असा नियम गेटवर लावला तर अर्धी भरती गेटवरूनच परत जाईल, आणि ते योग्यही नाही. मंगळसूत्र बंद गळ्याच्या टी-शर्टच्या आत राहील, केस जाळीत आणि टोपीत जातील, बांगड्या कपाटात राहतील असं यंत्र दाखवून समजावलं की बायका पटकन तयार होतात. शर्ट-पँट किंवा कुर्ता-पँट यांपैकी काय हवं, कापड किती जाड हवं, रंग कोणता, हे पहिल्या तुकडीला ठरवू द्या. फिक्या रंगाची पँट देऊ नका, कारण पाळीच्या दिवसांत डागाची धास्ती दिवसभर राहते.

सेफ्टी शूज चार-पाच नंबरचे मागवा. सात नंबरच्या बुटात कापूस कोंबून चालणारी बाई पडते. हातमोजे, गॉगल, मास्क यांचंही तसंच. सैल हातमोजा घालणं हे हातमोजा न घालण्यापेक्षाही धोकादायक असतं.

पाचवी पायरी: सुपरवायझर आणि लाइनवरचे पुरुष

माझ्या मते सगळ्या तयारीत हे सर्वांत अवघड काम आहे, कारण ते बांधकाम खात्याकडून करून घेता येत नाही. महिलांची पहिली तुकडी कोणत्या सुपरवायझरच्या हाताखाली जाते, यावर पुढची दोन वर्षं ठरतात. सगळ्यात कडक किंवा सगळ्यात जास्त उत्पादन काढणारा माणूस निवडू नका. जो नव्या मुलांना न ओरडता शिकवतो, ज्याच्याकडे चूक कबूल करायला कुणी घाबरत नाही, असा निवडा.

त्याच्याशी स्पष्ट बोला. अरे-तुरे, शिव्या, अंगावर ओरडणं बंद, आणि ते पुरुषांसाठीही बंद. "बायका आल्यात, आता तोंड सांभाळा" असं जाहीर केलं की पुरुषांच्या मनात पहिल्याच दिवशी अढी बसते. दुसऱ्या टोकाचा सुपरवायझरही असतो. तो ताई-ताई करत सगळं हलकं काम महिलांना देतो, अवघड सेटिंग स्वतः करतो, रिजेक्शन झालं तर पोटात घालतो. वर्षभराने त्या बायकांना काहीच आलेलं नसतं आणि बढतीच्या वेळी त्यांची नावं पुढे येत नाहीत. काम शिकवायचं, चूक दाखवायची आणि टार्गेटही सारखंच द्यायचं.

लाइनवरच्या पुरुषांना आधी विश्वासात घ्या. त्यांची भीती बहुतेक वेळा पोटाची असते. कमी पगारात बायका आणून आपल्याला काढणार, आपला ओव्हरटाइम जाणार, असं त्यांना वाटतं. ती भीती अगदी निराधार नसते, कारण काही ठिकाणी मालकांनी तसं केलंही आहे. म्हणून युनियन असेल तर युनियनसोबत, नसेल तर गेट मीटिंगमध्ये, मालकाने स्वतः सांगावं की कुणाची नोकरी जाणार नाही आणि समान कामाला समान पगार राहील. एचआरच्या पत्राने हे काम होत नाही.

सहावी पायरी: अंतर्गत समिती

दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती लागतेच, मग फ्लोअरवर एकही बाई नसली तरी. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवी या सरकारी साथिनीवर, म्हणजे गावात काम करणाऱ्या कार्यकर्तीवर, १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि पुढे हा कायदा आला. म्हणून समितीकडे ऑडिटच्या एका रकान्यातली खूण म्हणून बघू नका.

अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला हवी, निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात, आणि महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली एक व्यक्ती बाहेरची हवी. मालकाची पत्नी अध्यक्ष आणि मालकाचा वकील बाहेरचा सदस्य अशी समिती कागदावर पूर्ण दिसते, पण तिच्याकडे कुणी जात नाही. सदस्यांची नावं आणि फोन नंबर मराठीत आणि हिंदीत, स्वच्छतागृहाच्या आतल्या भिंतीवरही लावा. तिथे बाई एकटी असते, शांतपणे वाचू शकते. कंत्राटी कामगार, शिकाऊ मुली, कँटीनमधल्या आणि झाडलोट करणाऱ्या बायका या सगळ्यांना या समितीकडे जाता येतं, हे त्यांना तोंडी सांगा.

तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची. चौकशी चालू असताना तक्रारदार महिलेला तिच्या मागणीवरून तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, किंवा दोघांपैकी एकाला दुसरीकडे हलवता येतं. सवयीने बाईलाच हलवलं जातं, तसं करू नका. पैसे देऊन मिटवणं कायद्याला मान्य नाही.

चौकशी टाळायची नाही तशीच उरकायचीही नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने घाईघाईने सुनावण्या उरकून टाकल्या, आरोप असलेल्या प्राध्यापकाला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा चौकशीकडे पाठवलं. कैक वर्षांनी तक्रारदारांना पुन्हा सुरुवातीला आणून ठेवणारी ती घाई होती. दोन्ही बाजूंचं नीट ऐका, लेखी ठेवा, साक्षीदार विचारा.

दहापेक्षा कमी माणसं असलेल्या वर्कशॉपमधल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. जवळच्या छोट्या पुरवठादारांनाही हे सांगून ठेवा.

सातवी पायरी: आता भरती

१९७४ मध्ये पुण्याच्या टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, अभियंत्यांसाठी जाहिरात आली होती, तिच्यात महिलांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. बंगळुरूला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्यांना मुलाखतीला बोलावणं आलं. आज त्याच पुण्यात टाटा मोटर्सच्या कारखान्यात हॅरियर-सफारीची अख्खी असेंब्ली लाइन बायका चालवतात. असं वाक्य आता कुणी छापत नाही, पण "स्वतःची दुचाकी आवश्यक", "कोणत्याही शिफ्टला तयार", "मुले पाहिजेत" अशा शब्दांनी तेच काम होतं. जाहिरातीत बसचा मार्ग, शिफ्टची वेळ, पगाराचा आकडा आणि स्वच्छ शब्दांत "महिला व पुरुष" असं लिहा.

जाहिरात गेटवर लावून फारसं काही हाती लागत नाही, कारण बायका नोकरी शोधत एमआयडीसीत फिरत नाहीत. महिला आर्थिक विकास महामंडळाचे आणि 'उमेद' या सरकारी ग्रामीण अभियानाचे बचत गट गावोगावी आहेत, त्यांच्या बैठकीला जा. जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा. मुलींसाठी स्वतंत्र आयटीआयही आहेत. तिथे फिटर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन ट्रेडला मुली कमी असतील तर पुढच्या वर्षीच्या प्रवेशाआधी पुन्हा जा आणि तुमच्याकडच्या एका ऑपरेटर मुलीला सोबत न्या.

मुलाखतीत लग्न कधी करणार, मुलं किती, नवरा नोकरी करू देईल का, हे प्रश्न विचारायचे नाहीत. पुरुषाला विचारत नसाल ते बाईलाही विचारू नका. त्यापेक्षा हाताचं काम बघा. चार पार्ट जोडायला द्या, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) वाचायला शिकवून लगेच दोन मापं घ्यायला लावा.

एकटी बाई घेऊ नका. पंचवीस पुरुषांत एक बाई ठेवली की ती दिवसभर नजरेखाली राहते आणि तिच्या प्रत्येक चुकीवरून सगळ्या बायकांचा निकाल लागतो. सहा-आठ जणींची तुकडी एकाच लाइनवर, एकाच शिफ्टला, शक्यतो एकाच बसने येणारी घ्या. रुजू व्हायच्या आधी एका रविवारी घरच्यांना कारखाना दाखवायला बोलवा. सासू, आई, नवरा, वडील सगळे येऊ द्यात. काम कसलं आहे, जेवण कुठे होतं, बस किती वाजता सोडते, तक्रार कुणाकडे करायची, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं की घरातली निम्मी वादावादी मिटते. सासूबाई एकदा स्वच्छतागृह बघून गेल्या आणि समाधानाने मान हलवली, की सुनेची नोकरी टिकायची शक्यता फार वाढते.

पगाराच्या बाबतीत एकच पाहा. काम तेच, पण बाईला हेल्पर आणि पुरुषाला ऑपरेटर असं पद देऊन फरक केला जातोय का? हा खेळ जुना आहे. मॅकिनॉन मॅकेन्झी या कंपनीत महिला स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार होता. ऑड्री डिकोस्टा लढल्या आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा बचाव फेटाळला. आता २०१९ च्या वेतन संहितेतही समान किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी पगारात आणि भरतीत लिंगावरून भेदभाव करायला मनाई आहे. ती संहिता पारलिंगी व्यक्तींनाही लागू पडते. त्यांच्यापैकी कुणी अर्ज केला तर हीच तयारी त्यांच्यासाठीही करा. २०१७ मध्ये कोची मेट्रोने पारलिंगी व्यक्तींना नोकऱ्या दिल्या. राहायला भाड्याने घर मिळेना म्हणून काहींना त्या सोडाव्या लागल्या. तेव्हा नेमणूकपत्राबरोबर राहायच्या जागेचीही चौकशी करा.

आठवी पायरी: गरोदरपण आणि पाळणाघर

"सहा महिने घरी बसवून पगार कोण देणार?" हा मालकांचा लाडका प्रश्न आहे, आणि नवख्या एचआरला त्याचं उत्तर पाठ पाहिजे. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखाना कामगार विमा योजनेत (ईएसआय) असेल, तर प्रसूती रजेतलं वेतन ईएसआय महामंडळ देतं. तुम्ही दरमहा ३.२५ टक्के भरता, कामगार ०.७५ टक्के भरतो, त्यातूनच ते जातं. २६ आठवडे, सरासरी दैनिक वेतनाच्या पूर्ण दराने. अट एवढीच की आधीच्या दोन वर्गणी-काळांत (प्रत्येकी सहा महिने) मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी. म्हणजे फ्लोअरवरच्या बहुतेक महिलांच्या बाबतीत मालकाच्या खिशातून रजेचा पगार जातच नाही. कंत्राटदाराने वर्गणी भरलीच नाही तर मात्र बाई अडकते आणि जबाबदारी मूळ मालकावर येते. म्हणून कंत्राटी महिलांची वर्गणी भरल्याची चलनं दरमहा स्वतः तपासा.

२१,००० च्या वर पगार असणाऱ्यांचा खर्च कंपनीचा. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, त्यापुढे १२ आठवडे. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. हा हक्क कुणी वरून टाकलेला नाही. मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना या विश्रांतीत देशाचंही हित असल्याचं मांडलं होतं, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताने तो कायदा केला.

गरोदर असल्याचं कळल्यावर पहिल्याच आठवड्यात बसून ठरवा. उभं राहण्याचं काम असेल तर बैठं स्टेशन द्या, शिसं, सॉल्व्हंट, प्लेटिंग यांपासून लांब ठेवा, तपासणीच्या दिवशी अर्धी सुट्टी द्या. ग्रेड आणि पगार तसाच राहील हे लेखी द्या, नाहीतर बायका पोट दिसेपर्यंत लपवतात आणि त्यात जिवाला धोका असतो.

एकूण ५० कर्मचारी झाले की पाळणाघराची सोय लागते. इथे सगळे कर्मचारी मोजायचे, फक्त बायका मोजायच्या नाहीत. एकट्याला परवडत नसेल तर शेजारच्या चार-पाच कारखान्यांनी मिळून एक चालवा, पण ते चालत जाण्याच्या अंतरावर हवं, कारण आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता आलं पाहिजे. पंधरा महिन्यांपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन जादा विश्रांती मिळतात, त्यांचा हिशेब उत्पादनाच्या टार्गेटमधून वजा करा.

खाजगी कारखान्यात वडिलांना रजा देण्याची सक्ती नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पंधरा दिवस मिळतात. तुम्हीही तेवढी द्या.

नववी पायरी: हजेरी बोनस तपासा

महिन्यात एकही खाडा नाही तर हजार रुपये आणि एक खाडा झाला की शून्य, अशी पद्धत सर्रास असते. मुलाला ताप आला तर घरी कोण थांबतं, हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे हा बोनस जवळजवळ नेमाने बायकांच्या हातून जातो. खाड्याची शिक्षा कुठवर जाते, हे बीड जिल्ह्याने दाखवलं आहे. तिथल्या ऊसतोड कामगार बायकांनी खाडा परवडत नाही म्हणून गर्भाशयं काढून घेतल्याचं २०१९ मध्ये उघड झालं आणि राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तुमचा कारखाना म्हणजे उसाचा फड नव्हे, हे मान्य. तरी बोनस टप्प्याटप्प्याने कमी होईल असा करा. एका दिवसाला थोडा, दोन दिवसांना आणखी थोडा. आधी कळवून घेतलेली रजा खाड्यात धरू नका.

दहावी पायरी: वर्षभरानंतर

पहिल्या पायरीचा तक्ता पुन्हा भरा. महिला अजूनही फक्त पॅकिंग आणि इन्स्पेक्शनमध्येच दिसत असतील तर काम अर्धवट आहे. दोघींना सीएनसी सेटिंगला, एकीला मेंटेनन्सला, एकीला लाइन लीडरच्या प्रशिक्षणाला पाठवा. साताऱ्याच्या सुरेखा यादव मध्य रेल्वेत सहाय्यक ड्रायव्हर म्हणून लागल्या आणि २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत चालवली. रेल्वेने त्यांना पुढच्या परीक्षा आणि पुढच्या गाड्या दिल्या म्हणून ते शक्य झालं. महिला सुपरवायझर बाहेरून आणण्यापेक्षा आतून तयार करा, मग लाइनवर तिचा शब्द चालतो.

आणि ज्या सोडून गेल्या त्यांना फोन करा. राजीनाम्यावर "घरगुती कारण" एवढंच लिहिलेलं असतं. एक-दोन महिन्यांनी, हिशेबाचे पैसे मिळून गेल्यावर, तुमच्या सुपरवायझरने नव्हे तर समितीतल्या महिलेने फोन करावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या दिवशी सोडायचं ठरवलं, त्या आठवड्यात काय झालं होतं, आणि काय बदललं तर परत याल. उत्तरं नाव न लिहिता मालकापुढे ठेवा. त्यांतल्या ज्या गोष्टीला सर्वांत कमी खर्च आहे, ती त्याच महिन्यात करून टाका, आणि मग त्यांना पुन्हा फोन करून सांगा की जागा अजून मोकळी आहे.